जुन्या शिडाच्या नौकेची निगा

अक्कलकुव्यासारख्या डोंगरी गांवच्या निवृत्त शिक्षकानें समुद्रावरील नौकेविषयीं बोलावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु नर्मदा ही आमच्या तालुक्याची उत्तर सीमा. सरदार सरोवराच्या पाण्यामुळें मणिबेलीकडे आजही नावेनें जाणेंयेणें चालतें. जुनी नाव टाकावी कीं राखावी, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस परका नाहीं.

शिडाच्या नौकेपुरतें त्याचें उत्तर 'म्हादेई'नें दिलें आहे. गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेली ही ५६ फुटी नौका २००९ सालीं भारतीय आरमारांत आली. त्याच वर्षीं निघून कमांडर दिलीप दोंदे यांनीं, वाटेंत चार बंदरें घेत, २०१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. पुढें अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून २०१२-१३ मध्यें, पांच महिने कोठेंही न थांबतां, प्रदक्षिणा केली. वाटेंत बंदर नाहीं, मदतीस दुसरा हात नाहीं. अशा वेळीं प्राणांची भिस्त निघण्यापूर्वींच्या तपासणीवर असते.

'म्हादेई'चें अंग लांकडी पट्ट्यांचें असून त्यावर कांचेच्या तंतूंचें व राळेचें आवरण आहे. अशा आवरणास तडा गेला, तर पाणी आंत मुरून लांकूड कुजतें. वरचा रंग मात्र नवा दिसतो. डोलकाठी ताणून धरणारी पोलादी तारही बहुधा टोकांच्या जोडांतच आधीं दगा देते. तिच्याच घाटाची 'तारिणी' २०१७ सालीं आरमारांत आली. नवी असूनही २०१८ मध्यें सुकाणूच्या बिघाडामुळें तिला मॉरिशसला थांबावें लागलें.

तात्पर्य, नवें शीड, नवीं यंत्रें अवश्य घ्यावीं. परंतु खर्चाचा पहिला रुपया डोळ्यांस न दिसणाऱ्या जागींच पडावा.