घटस्फोट, पोटगी आणि टाकलेली स्त्री

(सोनपेठ येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून आकड्यांपासून आरंभ करतो. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया सुमारे ९ लाख, तर घटस्फोटाविना विभक्त राहणाऱ्या सुमारे २३ लाख ७० हजार आढळल्या. खरा प्रश्न या दुसऱ्या आकड्यात आहे. आपल्या बोलीत या स्त्रीला ‘टाकलेली’ म्हणतात. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवून तिचे दुःख चव्हाट्यावर आणले. ते अद्याप सरलेले नाही.

मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. निजामी अमलाखालील मराठवाड्याला तो लागू नव्हता. आपल्याला हा हक्क मिळाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. तत्पूर्वी अनेक जातींत पंचांपुढे काडीमोड होई. सिद्ध करता येईल अशी रूढी या कायद्याने राखली आहे. परंतु आज स्टँपपेपरवर अंगठा घेऊन जी ‘फारकत’ लिहिली जाते, ती केवळ त्या कागदाच्या बळावर घटस्फोट ठरत नाही. असा कागद पुढे आला, तर बाईला सही करू देऊ नका.

कायद्याचे मार्ग दोन. पहिला परस्परसंमतीचा, तो १९७६ च्या दुरुस्तीने खुला झाला. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावयाचा, सहा महिने थांबावयाचे आणि मग न्यायालयापुढे संमती पुन्हा सांगावयाची. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर योग्य प्रकरणी हे सहा महिने माफ होऊ शकतात. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. दुसरा मार्ग तक्रारीचा : क्रूरता, व्यभिचार किंवा सलग दोन वर्षे टाकून देणे यांसारखे कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते. २००३ पासून पत्नीला ती स्वतः राहते तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. माहेरी आलेल्या लेकीला नवऱ्याच्या जिल्ह्यात खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही.

मुस्लिम भगिनींचा प्रश्न हमीद दलवाईंनी १९६६ सालीच मोर्चा काढून मांडला होता. तोंडी तिहेरी तलाक २०१७ साली न्यायालयाने रद्द ठरविला व २०१९ साली तो गुन्हा झाला. पत्नीला स्वतः विवाहविच्छेद मागण्याचा हक्क १९३९ च्या कायद्याने दिलेला आहे.

आता अर्थकारण. आपल्या भागातून ऊसतोडीला जोडपे जाते. त्याला ‘कोयता’ म्हणतात. श्रम दोघांचे, उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती. जोडपे मोडले की तिचा निम्मा कोयता कोणी मोजीत नाही. घर नाही, शेत नावावर नाही, मुले पदराला. अशा स्त्रीला कायद्याचे स्वातंत्र्य भाकरीवाचून पोकळ आहे.

म्हणून क्रम ध्यानात घ्या : आधी पोटगी, मग घटस्फोट. पोटगीसाठी घटस्फोट व्हावा लागत नाही. पूर्वीचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. २०२० च्या निर्णयाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावयाची आणि दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. पोटगी थकली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. घटस्फोटानंतरही, पुनर्विवाह केला नसेल तर, पोटगी मागता येते.

वकिलाच्या खर्चाची भीती सांगितली जाते. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करावयाचा, एवढेच.

साथींनो, सभेतील ठरावाने हे काम होणार नाही. लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले, नवऱ्याच्या मजुरीची वा शेताची कागदपत्रे गोळा करण्यास तिला मदत करा. तारखेच्या दिवशी तिचा रोज बुडतो. त्या दिवशी तिच्यासोबत जा. ती एकटी पडली की तिला तडजोडीस भाग पाडणे सोपे होते. तिला एकटी पडू न देणे, हे आपले काम आहे.