काळ्या-पांढऱ्या जर्सीची माणसं

२०१३ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि एकवीस हंगामांत तेरा वेळा इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकणाऱ्या मँचेस्टर युनायटेडची घसरण सुरू झाली. तेव्हापासून आपल्या पुण्या-मुंबईतली त्यांची चाहती मुलं घरात सुतक असल्यासारखी बोलतात. दोन-चार हंगाम रिकामे गेले की त्यांना वाटतं, असं जगात कुणाचंच झालं नसेल. या मुलांना आपल्याच देशातल्या एका क्लबाची हकिगत सांगावीशी वाटते. तो क्लब म्हणजे कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग.

क्लबाची स्थापना १८९१ ची. कलकत्ता लीग सुरू झाली १८९८ मध्ये, आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं ती गोऱ्या क्लबांची आणि लष्करी पलटणींचीच राहिली. मोहन बागाननं १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लीग मात्र कुणाही भारतीय संघाच्या हाती लागत नव्हती. १९३१ पासून सलग तीन वर्षं ती डरहॅम लाईट इन्फंट्रीकडे होती. १९३४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग पहिल्या श्रेणीत नव्यानं दाखल झाला आणि त्याच वर्षी त्यानं लीग जिंकली! नंतर ३५, ३६, ३७, ३८. सलग पाच वर्षं. एक वर्ष मध्ये गेलं आणि पुन्हा १९४० व ४१. आठ वर्षांत सात वेळा.

हे काही नुसत्या जोशावर झालं नाही. बाकीचे क्लब आसपासच्या मुलांवर भागवत होते, तेव्हा या क्लबानं बंगळूरपासून क्वेट्ट्यापर्यंत माणसं हेरली. कलकत्त्याचा फुटबॉल भर पावसाळ्यात चालतो. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळणारे हे खेळाडू चिखल झाला की बूट घालू लागले. साधी गोष्ट वाटते, पण पावसातल्या सामन्यांत बूटवाल्या पलटणींपुढे अनवाणी संघांची फार घसरगुंडी व्हायची. याच संघातला महंमद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिक क्लबाच्या दुय्यम संघातून पायाला नुसत्या पट्ट्या बांधून खेळला.

१९४० च्या डिसेंबरात दिल्लीला ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. त्याच वर्षी आपल्या मुंबईत रोव्हर्स कपही त्यांनी नेला. गंमत म्हणजे अंतिम सामन्यात समोरचा संघ होता बंगळूर मुस्लिम्स, ज्यांच्याकडून मोहमेडननं पूर्वी खेळाडू घेतले होते. व्याह्यांनीच एकमेकांशी कुस्ती खेळावी तसं.

आता चाहत्यांकडे येऊ. खिदिरपूरचे गोदी कामगार, राजाबाजारचे कारागीर, पार्क सर्कसचे वकील, सगळे एका मैदानावर. ज्या मुलाला १९३४ मध्ये फुटबॉल कळायला लागला, त्याला तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत वाटत असणार की पावसाळा येतो तसं विजेतेपदही येतं. पण हेही सांगितलं पाहिजे, की तो विजय नुसता खेळाचा राहिला नव्हता. गोऱ्यांना हरवल्याचा आनंद सुरुवातीला सगळ्यांनाच झाला. पुढे राजकारण तापलं तसा मोहमेडनचा विजय म्हणजे कौमचा विजय, आणि समोरच्यांच्या लेखी तो आपला पराभव, असा हिशेब मांडला जाऊ लागला. अकरा माणसांच्या पायांवर एवढं ओझं कुणीही टाकू नये. ते टाकणाऱ्यांत पुढारी होते आणि टाळ्या वाजवणारे चाहतेही होते.

मग १९४७ आलं. खेळाडू गेले, पैसा देणारे गेले, गॅलरीतली कितीतरी माणसं ढाक्याला निघून गेली. आणि पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी ईस्ट बंगालच्या बाजूची गर्दी वाढवली. एकाच फाळणीनं एका क्लबाचे चाहते नेले आणि दुसऱ्याला आणून दिले. तरीही १९४८ मध्ये मोहमेडननं लीग जिंकली. त्यानंतर १९५७, मग १९६७, मग १९८१. जरा वजाबाकी करून पाहा. नऊ वर्षं, दहा वर्षं, चौदा वर्षं. आणि त्यापुढचं अंतर चाळीस वर्षांचं.

अधूनमधून उजेड पडत होता. ऐंशीच्या दशकात दोनदा फेडरेशन कप आला, रोव्हर्सही आला. ईस्ट बंगाल गाजवून आलेला इराणचा मजीद बिश्कर याच जर्सीत खेळला. पण मोठी लीग मोहन बागान आणि ईस्ट बंगाल वाटून घेत होते आणि मोहमेडनचे चाहते तिसऱ्या खुर्चीवर बसायला शिकत होते.

शिकत होते म्हणजे काय? एक तऱ्हा मला मुशायऱ्यांमुळे चांगली ओळखीची आहे. काही शायर असे असतात, की त्यांची एक गझल तरुणपणी गाजलेली असते. पुढची तीस वर्षं ते तीच ऐकवतात, नवीन ऐकवायला गेले तर लोकच जुनीची फर्माईश करतात. तसे काही चाहते ३४, ३५, ३६ म्हणत राहतात. ऐकणारा नातू ज्या संघाचा चाहता होतो, तो संघ त्यानं पाहिलेलाच नसतो. काहींचा राग पंचांवर, बहुतेकांचा पदाधिकाऱ्यांवर. त्यातला पदाधिकाऱ्यांवरचा बराचसा रास्त. काहींनी अपेक्षा आवरती घेतली. लीग राहू द्या, वर्षातून एकदा बागानला किंवा ईस्ट बंगालला हरवा, म्हणजे पुरे.

आणि एक गोष्ट निराळीच होती. फाळणीनंतर हा संघ जिंकला की शेजारी त्याचा काय अर्थ लावतील, हाही विचार त्या माणसाला करावा लागे. भारत-पाकिस्तान क्रिकेटच्या दिवशी आपल्या चेहऱ्याकडे कुणी जरा जास्त निरखून पाहावं, हा अनुभव माझ्यासारख्या मराठी मुसलमानाला नवा नाही. बावीस यार्डांवरचा झेल सुटला तर हळहळायचं की नाही, याचाही क्षणभर विचार करावा लागतो. मोहमेडनच्या चाहत्यानं हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. म्हणून मला वाटतं, त्या लांबलेल्या पडत्या काळानं त्याला एक दिलासाही दिला. जो संघ जिंकतच नाही, त्याच्या खांद्यावर कौमचा झेंडा कोण ठेवणार? पुढारी पांगले. उरले ते ज्यांना खरोखर फुटबॉल पाहायचा होता. पूर्वी फक्त मुसलमान खेळाडू घेणाऱ्या क्लबानं दारं उघडली, आणि चाहत्यांनी ते मनापासून स्वीकारलं.

१८ नोव्हेंबर २०२१ ला सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहमेडननं रेल्वेच्या संघाला १-० असं हरवून चाळीस वर्षांनी कलकत्ता लीग जिंकली. गोल मारला त्रिनिदादच्या मार्कस जोसेफनं, प्रशिक्षक होते रशियाचे आंद्रेई चेर्निशोव्ह. १९८१ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा त्या दिवशी पन्नाशीचा होता. गोल करणाऱ्याचं नाव जोसेफ आहे म्हणून त्याचा आनंद तसूभरही कमी झाला असेल, असं मला वाटत नाही.

पुढची दोन वर्षंही लीग त्यांचीच. २०२४ च्या एप्रिलमध्ये आय-लीग जिंकून संघ इंडियन सुपर लीगमध्ये पोचला. जुने दिवस परत आले म्हणावं, तर २०२४-२५ च्या पहिल्याच हंगामात तो तेरा संघांत तेरावा आला. चोवीस सामन्यांत दोन विजय. पगार थकल्याच्या बातम्या, प्रशिक्षक मध्येच सोडून गेलेले. त्यातला ९ नोव्हेंबरचा सामना तर विसरण्याजोगा नाही. पहिल्या अर्ध्या तासातच ईस्ट बंगालचे दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले. मोहमेडनचे अकरा, समोर नऊ, आणि हातात तासभर वेळ. सामना ०-० सुटला.

त्या रात्री घरी परतताना चाहत्यांनी आपल्या संघाला काय काय म्हटलं असेल, ते आकाशवाणीवरून सांगता यायचं नाही. पण ते १९३४ बद्दल नसणार, कौमबद्दलही नसणार. ते असणार मधल्या फळीबद्दल आणि नेम चुकवणाऱ्या फॉरवर्डबद्दल.