फाटकाबाहेरची जबाबदारी



वाणिज्य, समाजकार्य आणि सामाजिक आरोग्य या तीन शाखांचे अभ्यासक एका मांडवाखाली फार क्वचित येतात. आज ते आले आहेत. तिन्ही शाखांचा आढावा घेण्याची प्रथा बाजूला ठेवून मी एकाच उद्योगाबद्दल बोलणार आहे. उद्योग साखरेचा, आणि त्यातही माझा विषय आहे ऊस तोडणारी बाई. उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर आपल्या विद्यापीठांत एवढे प्रबंध लिहिले जातात, ते तिच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. पाच-सहा महिने या कुटुंबांचा मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाच्या आसपास उभारलेल्या कोप्यांमध्ये असतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते; बहुधा ती मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात जाते. बाई पहाटे स्वयंपाक उरकून फडात जाते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, आणि रात्री गाडी आली तर रात्रीही भरते. एक दिवस पडून राहिली की खाडा धरला जातो, त्याचे पैसे कापले जातात. पाळी आली, ताप आला, मूल आजारी पडले, तरी खाडा तो खाडाच. संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. एवढे करूनही तिची वेगळी मजुरी कोणत्याच वहीत लिहिलेली नसते.

आता ही बाई कोणाची कामगार, हे विचारून पाहा. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक संस्थेशी किंवा ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मीही उचलीच्या कर्जात आहे, मीही टोळीबरोबर आलो आहे. शेतकऱ्याला विचारावे तर तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या दरातून कापला जातो, पण कोणती टोळी कधी येणार हे कारखान्याचे शेतकी खाते ठरवते. काम सगळ्यांचे होते आणि मालक मात्र कोणीच नसतो.

तिच्या शरीरावर याचे काय परिणाम होतात, ते २०१९ मध्ये देशाने वाचले. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयाची रचना सारखी नाही, म्हणून हे आकडे सरळ एकमेकांवर ठेवता येणार नाहीत. पण अंतर एवढे मोठे आहे की पद्धतीतल्या फरकाने ते भरून निघेल असे मला वाटत नाही.

बाई अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात जाते. साध्या जंतुसंसर्गावर गोळ्या आणि स्वच्छ पाणी पुरले असते. तिथे तिला कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढायला सांगितले जाते. मुले झालेली असतात, पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही, दर महिन्याची वेदनाही नको असते. ती हो म्हणते. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतून किंवा कर्जातून, आणि ते फेडायला पुन्हा पुढचा हंगाम. कमी वयात अंडाशयही काढले गेले तर हाडे ठिसूळ होतात, सांधे आणि कंबर धरते, आणि त्याच कमरेवर मोळी उचलायची असते. बातमीनंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करायची नाही असा नियम आला. नियम चांगलाच आहे. पण तो साखळीतल्या शेवटच्या कडीला, दवाखान्याला, लागू होतो. फडात पाणी नाही, संडास नाही, रजा नाही, या आधीच्या कड्यांना तो हात लावत नाही.

या दुखण्यांबद्दल आपल्याला माहिती नव्हती असे म्हणायलाही जागा नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता, आणि तपासलेल्या स्त्रियांपैकी दहांतल्या एकीचीही पूर्वी कधी तशी तपासणी झाली नव्हती. महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात झालेल्या या अभ्यासाने जगभरच्या आरोग्यशास्त्राला ग्रामीण बाईच्या दुखण्याकडे पाहायला लावले. तीस वर्षांनी बीडची बातमी आली तेव्हा मात्र आपल्या बहुतेक वाणिज्य विभागांना ती आपल्या विषयाची वाटली नाही. ती आरोग्याची बातमी होती, आणि आपला विषय 'सीएसआर', म्हणजे उद्योगांची सामाजिक जबाबदारी, हा होता.

हे असे का झाले? माझ्या मते याचे कारण आपण वापरत असलेल्या कायद्याच्या रचनेतच आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे ते सांगते. त्यातून शाळा झाल्या, दवाखान्यांना यंत्रे मिळाली, पाणलोटाची कामे झाली. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण ऊसतोड बाईला या कायद्यात शोधा. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातली कामे या खर्चात धरता येत नाहीत. खर्चात प्राधान्य कंपनीच्या परिसराला द्यायचे आहे, आणि ती परिसरातली नाही. तिचे गाव शेकडो किलोमीटर दूर आहे. ती कर्मचारीही नाही, म्हणून कर्मचाऱ्यांच्या कल्याणाच्या योजनांतही ती बसत नाही. आणि सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्याखाली नोंदलेलेच नाहीत, त्यामुळे कलम १३५ त्यांच्या दारापर्यंत येतच नाही. कामगार कायद्याने तिला फाटकाबाहेर ठेवले आणि सामाजिक जबाबदारीच्या कायद्याने गावाबाहेर.

आपल्या संशोधनानेही हीच रेषा मुकाट्याने मान्य केली. वार्षिक अहवाल घ्यायचे, कोणत्या सदराखाली किती कोटी खर्च झाले ते मोजायचे, त्याचा नफ्याशी किंवा शेअरच्या भावाशी सहसंबंध काढायचा, आणि शेवटी 'जागरूकता वाढवावी' अशी शिफारस करायची. असे प्रबंध मी तपासले आहेत, काहींना मार्गदर्शनही केले आहे. त्यांत मेहनत असते, आकडेवारीही चोख असते. पण नफा झाल्यावर तो कसा वाटला, एवढेच त्यांतून कळते. तो होताना कोणाची कंबर मोडली, हे कळत नाही. जबाबदारीचा अभ्यास नफ्याच्या वाटणीपासून सुरू न करता नफा कसा होतो तिथून सुरू करायला हवा, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे.

ही मागणी नवी नाही, आणि परदेशातून आणलेलीही नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिची पायाभरणी केली होती. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा; पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे, म्हणून त्यालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. या मांडणीत दानाची भाषा कुठेच नाही. ज्याला लाभ त्याच्यावर भार, एवढा सरळ हिशोब आहे.

मालक एक नसेल तर भार कोणावर टाकायचा, याचेही उत्तर याच राज्याने दिले आहे. हमाल कधी या गाळ्यात तर कधी त्या गाळ्यात काम करतो, त्याचा एक मालक नसतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, काम करून घेणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीबरोबर वरची रक्कम घेतली, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना यांची सोय केली. ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यायचे व शासनाने तेवढीच भर घालायची अशी योजना आहे. मला यातला टन महत्त्वाचा वाटतो. दोन टक्क्यांची जबाबदारी नफ्याला बांधलेली आहे. ताळेबंदात तोटा दिसला की ती संपते. टनाची जबाबदारी कामाला बांधलेली आहे. ऊस तुटला आणि गाळला गेला की ती लागू होते. त्या दहा रुपयांतून तिच्या कोपीपर्यंत काय पोहोचते, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी अस्सल विषय आहे आणि तो अजून फारसा कोणी हाती घेतलेला नाही.

संशोधक अशा ठिकाणी काय करू शकतो, यासाठी एक दूरचे उदाहरण सांगते, कारण तेही उसाच्याच फडातले आहे. निकाराग्वात चिचिगाल्पा या गावाजवळ सान अंतोनियो नावाचा मोठा साखर कारखाना आहे. तिथले तरणेताठे ऊसतोड कामगार मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होते. ना मधुमेह, ना रक्तदाब. कारखान्याला जागतिक बँक गटातल्या वित्तसंस्थेचे कर्ज मिळाले होते, म्हणून २००८ मध्ये माजी कामगारांनी त्या संस्थेच्या तक्रार कार्यालयाकडे धाव घेतली. कामगार आणि कंपनी समोरासमोर बसले, आणि दोघांनी मिळून अभ्यासासाठी बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांची निवड केली. एका बाजूने नेमलेल्या तज्ज्ञावर दुसरी बाजू विश्वास ठेवत नाही. इथे तो पेच आधीच सोडवला होता. या आजाराचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही, पण तळपत्या उन्हातले अतिश्रम आणि शरीराचे पाणी तुटणे याकडे पुरावा झुकत गेला. शेजारच्या एल साल्वादोरमध्ये संशोधकांनी पाणी, विसावा आणि सावली यांचा प्रयोग फडात करून पाहिला. मूत्रपिंडांवरचा ताण घटला, आणि तोडीचे टन कमी झाले नाहीत, उलट वाढले. कारखानदाराला बोलायला लावणारे संशोधन असे असते.

आपल्याकडे उद्योग आणि अभ्यास यांच्यात असे नाते पूर्वी होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना जोडून उभा केला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. गाडगीळांनी शेतकऱ्याला मध्यस्थाच्या तावडीतून सोडवण्याची व्यवस्था आखली आणि ती चालवून दाखवली. त्या व्यवस्थेत ऊस पिकवणारा मालक झाला, ऊस तोडणारा मात्र हिशोबाबाहेर राहिला. गाडगीळांनी जिथे काम थांबवले तिथून पुढे जाण्याचे काम आपले होते. सत्तर वर्षांत ते आपण केले नाही, हे मी अध्यक्षपदावरून स्पष्टपणे नोंदवते.

म्हणून या परिषदेकडे माझी काही मागणी आहे. येत्या हंगामात प्रत्येक विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातला एक कारखाना निवडावा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने उचलीपासून साखरेच्या पोत्यापर्यंतचा रुपया शोधावा: तो कोणाकडून कोणाकडे जातो, कुठे कापला जातो, बाईच्या वाट्याला किती येतो. समाजकार्याच्या विद्यार्थिनींनी टोळीबरोबर, निदान काही दिवस, कोपीच्या वस्तीवर राहून दिवसाचे काम तासांत लिहावे. सामाजिक आरोग्य विभागाने गावाहून निघताना आणि परत आल्यावर त्याच स्त्रियांची तपासणी करावी: वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, स्त्रीरोगाची तक्रार. दोन तपासण्यांमध्ये जो फरक पडेल, तो त्या हंगामाचा खर्च आहे आणि तो आजवर कोणत्याही ताळेबंदात आलेला नाही. पैसा कारखान्याकडून घ्यायला हरकत नाही, मात्र संशोधक कारखाना आणि कामगार संघटना या दोघांच्या संमतीने निवडावेत, आणि निष्कर्ष दाबून ठेवण्याचा हक्क कोणालाही देऊ नये. पहिला अहवाल मराठीत लिहावा, आणि तो आधी ज्यांच्यावर अभ्यास झाला त्या गावांत, ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्या बायका जे आक्षेप घेतील ते अहवालात छापावेत.

शोधनिबंध त्यानंतर लिहावा. पदोन्नतीचे गुण त्याला मिळतील की नाही, ही काळजी तरुण प्राध्यापकांना आहे, हे मला ठाऊक आहे. व्यासपीठावर आज कुलगुरू बसले आहेत; अशा क्षेत्रीय अहवालाला शोधनिबंधाइतकेच वजन द्यावे, अशी विनंती मी त्यांना सगळ्यांसमोर करते. दुपारच्या सत्रात या कामाचा मसुदा चर्चेला ठेवला आहे. कोणता विभाग कोणता तालुका घेणार, हे तिथेच ठरवू, कारण दिवाळीपूर्वी टोळ्या निघतील आणि पहिली तपासणी त्याआधी व्हायला हवी.