गारपिटीनंतरची पाखरे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही. गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे मातीत गेले, काढणीला आलेला शाळू काळा पडला. पंचनामे झाले. कागदावर पिकाला रकाना होता, जनावराला होता, घराला होता. झाडांखाली मरून पडलेल्या पाखरांना रकाना नव्हता. पाखरू मेले तर नुकसान कोणाचे? आम्ही म्हणतो, आमचे.

शहरातल्या पक्षीप्रेमी मंडळींसारखे कौतुक करायला आम्ही उभे नाही. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर चढून गोफण फिरवणारी माणसे आम्ही. पोपटांचा थवा कणसांवर उतरला की काय उरते, ते आम्हाला कोणी शिकवायला नको. पण हिशेब करायचा तर जमा आणि खर्च दोन्ही मांडावेत. चिमणी दाणे खाते खरी, पण पिलांना भरवते त्या अळ्या. साळुंकी नांगरामागे चालते ती किडे वेचत. कोतवाल तर दाण्याच्या वाटेलाच जात नाही. उंच जागा धरून बसतो आणि किडा दिसला की झेपावतो.

मार्चची गार पडते ती नेमकी विणीच्या तोंडावर. साळुंकी, कोतवाल यांची घरटी उन्हाळ्यात होतात. आज जोडी मेली म्हणजे सरकी टोबल्यावर शेतात उतरणारी पिलेही गेली. मग फवाऱ्याचा पंप आपल्याच पाठीवर आणि औषधाची उधारी आपल्याच नावावर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, ते आठवून हे बोलतो आहोत. पाखरांनी सगळी अळी संपते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गुलाबी अळी बोंडाच्या आत बसते, तिथे चोच पोचत नाही. पानावरच्या अळीचे मात्र तसे नाही.

तेव्हा वादळानंतर बांधावरचा मोडका लिंब लगेच सरपणाला काढू नका. खोड पुन्हा फुटते. त्याच्या ढोलीत साळुंकी राहते, पिंगळा राहतो. पिंगळ्याला अपशकुनी म्हणून हाकलायचे आणि उंदरांसाठी विषारी गोळ्या विकत आणायच्या, हा कुठला व्यवहार? गारठलेले पाखरू जिवंत सापडले तर कोरड्या जागी, अंधारात टोपलीखाली ठेवावे. चोच उघडून पाणी ओतू नये. ते श्वासात जाते आणि वाचणारे पाखरू मरते. हे काम घरातली पोरे आपल्यापेक्षा चांगले करतात.

झाडे मोडली म्हणजे पाखरांच्या बसायच्या जागा गेल्या. पडलेल्या फांद्यांचेच थांबे करा आणि कपाशीत, हरभऱ्यात पिकाच्या वर डोके काढतील असे जागोजाग रोवा. पैसा लागत नाही. ज्वारीत मात्र दाणा भरू लागला की थांबे उपटून घ्या, नाहीतर आपणच थव्याला पाट मांडून दिल्यासारखे होईल.

आणि पुढच्या वेळी तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा बांधावरची मोडलेली झाडे मोजून लिहायला लावा. रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा म्हणावे, पण लिहा.