मुली, महाविद्यालय आणि घरापासूनचे अंतर
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



१९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा पदवीधर स्त्री हा कुतूहलाचा विषय होता. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली आहेत, जवळजवळ निम्म्या. शेजारच्या श्रीलंकेत १९४५ पासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण विनामूल्य आहे आणि तेथील सरकारी विद्यापीठांत मुली साठ टक्क्यांच्या आसपास आहेत. मात्र तेथे जागाच थोड्या, त्यामुळे अनेक पात्र मुलेमुली बाहेर राहतात. केवळ टक्केवारीवरून आपण मागे आहोत असे मी म्हणणार नाही.

मला बोलके वाटते ते दोन्हीकडचे साम्य. अभियांत्रिकीत मुली कमी, आणि पदवीनंतर नोकरीत मुलग्यांच्या मानाने फारच कमी. आपल्या आयआयटींत २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या. आपल्या भिलाईच्या आयआयटीतही. शुल्क हाच एकमेव अडसर असता, तर श्रीलंकेत तरी चित्र वेगळे दिसले असते.

घरचेच सांगते. माझा भाऊ अभियांत्रिकीसाठी नागपूरला गेला. मला गुण अधिक होते. मी दुर्गच्या महाविद्यालयात गेले, कारण तेथून संध्याकाळी घरी परतता येई. वडील पोलाद कारखान्यात होते, मायाळू होते. विचारले असते तर कदाचित ‘जा’ म्हणालेही असते. मी विचारले नाही, आणि त्यांनीही नाही.