मद्यार्काच्या ज्योतीचे मोजमाप

६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे वीस टक्के एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला. पुढच्याच महिन्यात, पंधरा टक्के मिथेनॉल मिसळलेल्या डिझेलवर चालणाऱ्या बसगाड्या त्याच शहरात प्रयोगादाखल पुढे आणण्यात आल्या. एथेनॉल आणि मिथेनॉल ही एकाच मद्यार्ककुळातील भावंडे. त्यांपैकी कोणाच्या अंगी अधिक उष्णता आहे, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

या प्रश्नाची उकल शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. तांब्याच्या भांड्यात शंभर ग्रॅम पाणी घ्यावे, खाली मद्यार्काचा दिवा लावावा आणि पाणी वीस अंशांनी तापताच तो विझवावा. दिवा आधी व नंतर तोलला, की किती इंधन जळाले ते कळते. पाण्याने घेतलेली उष्णता दोन किलोकॅलरी. हिशेबाप्रमाणे तिच्यासाठी ०.२८ ग्रॅम एथेनॉल पुरावे. मिथेनॉल मात्र ०.३७ ग्रॅम लागावे. प्रत्यक्षात दोन्ही याहून बरीच अधिक लागतात, कारण ज्योतीची पुष्कळशी उष्णता भोवतालच्या हवेत विरून जाते. म्हणूनच काटेकोर मापनासाठी इंधन प्राणवायूने भरलेल्या बंद पोलादी पात्रात जाळतात.

अशा मापनांतून आढळणारा क्रम मोठा बोलका आहे. एक ग्रॅम मिथेनॉल सुमारे ५.४ किलोकॅलरी उष्णता देते, एथेनॉल ७.१, प्रोपेनॉल ८ आणि ब्युटेनॉल ८.६. पेट्रोल देते सुमारे ११.

हा भेद का पडावा? जळणे म्हणजे प्राणवायूशी संयोग पावणे. मद्यार्काच्या रेणूत प्राणवायूचा एक अणू आधीच ठाण मांडून बसलेला असतो. म्हणजे तेवढ्या अंशाने ते इंधन जणू अगोदरच जळून गेलेले असते. मिथेनॉलच्या वजनाचा निम्मा भाग प्राणवायूचाच. एथेनॉलमध्ये तो सुमारे ३५ टक्के, तर ब्युटेनॉलमध्ये २२ टक्के. कार्बनची साखळी लांबत जाते तसे हे ओझे हलके होते आणि उष्णता वाढते.

मग ब्युटेनॉलच का वापरू नये? जे जंतू आंबवणाच्या क्रियेने ते तयार करतात, त्यांनाच ते थोड्याशा प्रमाणातही मारक ठरते; त्यामुळे उत्पादन तुटपुंजे राहते. एथेनॉल मात्र उसाच्या मळीपासून यीस्टच्या साहाय्याने सहज मिळते. इंजिनातील ठोके आवरण्याचा गुणही त्याच्या अंगी आहे. मिथेनॉल कोळशापासूनही बनवता येते. परंतु ते दृष्टी हिरावून घेणारे विष आहे.

इंधन लिटरच्या मापाने विकले जाते, गाडी मात्र उष्णतेवर धावते. वीस टक्के एथेनॉलच्या मिश्रणात लिटरमागे उष्णता सुमारे सात टक्क्यांनी कमी असते. त्या मिश्रणाला अनुरूप घडवलेले इंजिन या तुटीचा काही भाग भरून काढते. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र तितके अंतर कापण्यासाठी टाकी थोडी लवकर भरावी लागते. आयात होणाऱ्या खनिज तेलाची बचत होते आणि उसाला नवे गिऱ्हाईक मिळते, हे लाभ खरेच आहेत. पण मिश्रणाची किंमत ठरवताना लिटरबरोबर उष्णतेचाही हिशेब मांडला गेला, तरच त्या लाभाचा वाटा ग्राहकाच्या पदरी पडेल.