दोन शहरांमधील अंतर



सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनास आलेल्या भाविकाला ‘किती लांबून आलात?’ असे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नाही. ‘काल रात्री निघालो’, असे म्हणतो. अंतर वेळेत मोजण्याची आपली ही रीत जुनी आहे, आणि आजच्या विषयाला ती फार उपयोगी आहे.

राजधानी मुंबई आणि उपराजधानी नागपूर ही दोन शहरे आपण घेऊ. त्यांच्यातील अंतर आकाशातून सरळ सुमारे ६८० किलोमीटर, लोहमार्गाने ८३७, आणि समृद्धी महामार्गाची लांबी ७०१. शहरे तीच, पण आकडे तीन. आगगाडीला कसाऱ्याचा घाट चढून, भुसावळ, अकोला, वर्धा अशी गावे घेत जावे लागते. विमानाला डोंगर आडवा येत नाही.

आता वेळ पाहू. प्रवासी विमान उंचीवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्रैराशिक मांडले, तर नागपूरला ५१ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास आकडा असतो. उरलेली मिनिटे धावपट्टीपर्यंत जाण्यात, रांगेत थांबण्यात, चढण्या-उतरण्यात जातात. शिवाय आकाशातही ठरलेल्या वाटा आहेत, आणि वारा आहे. मुंबईहून लंडनला जाताना बहुधा वारा समोरून येतो, परतताना तो पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर संपतो.

नागपूरचे या बाबतीतले स्थान मोठे आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटे ती आपापल्या शहरी परतत. देशाचा मध्य गाठल्याने चारही टोके एका रात्रीत जोडली गेली. पत्र मात्र विमानतळावर उतरले म्हणजे पोहोचले असे नव्हे. पुढे पोस्टमनची पायपीट होतीच.

माणसाचेही तसेच आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गाऱ्हाणे मांडावयास सोनारीचा शेतकरी निघाला, असे समजा. पुण्याचा विमानतळ गाठावयास चार-पाच तास, तेथे दोन तास आधी हजर राहणे, मग दीड तासाचे उड्डाण, आणि शेवटी विमानतळाहून विधानभवन. हिशेब नऊ-दहा तासांवर जातो, आणि त्यांतील आकाशातले तास केवळ दीड! विमानाने मधला तुकडा आखूड केला. दोन्ही टोके जमिनीवरच राहिली.

सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सोलापूरला वेळेवर पोहोचविणारी एस. टी. नसेल, तर ते विमान आपल्या डोक्यावरून जाईल, इतकेच. म्हणून आमचे सांगणे असे, की कोणी ‘दीड तासात नागपूर’ म्हटले, तर त्यास विचारावे: कोणाच्या उंबऱ्यापासून? विमानतळाची मागणी जरूर करावी. पण वेळेवर सुटणारी गाडी आणि पावसाळ्यात टिकणारा रस्ता यांची मागणी तिच्या आधी लिहावी. आपले अंतर प्रथम तेथे कमी होणार आहे.